मोजणारा वेगळा हवा

आतून पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी एक खोली धरा. २५ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाला किमान एवढी जागा लागते. भिंत नऊ इंची, उंची तीन मीटर. विटकाम किती होईल? नवखा माणूस बाहेरून टेप धरतो, चार बाजूंची बेरीज २१.८४ मीटर करतो आणि पुढचा गुणाकार करून मोकळा होतो. यात चारही कोपरे दोनदा मोजले गेले. भिंतीच्या मधोमध जाणारी रेषा धरली तर लांबी भरते २०.९२ मीटर. फरक ९२ सेंटीमीटरचा. त्याला जाडीनं आणि उंचीनं गुणा: ०.६३ घनमीटर, म्हणजे तीनशेच्या आसपास विटा. एक दार आणि दोन खिडक्या वजा करायला विसरलं तर आणखी चारशेवर विटा कागदावर चढतात. ज्या घराला या योजनेतून १ लाख २० हजार रुपये मिळतात त्या घरात एवढी तफावत, आणि टेप धरणाऱ्यानं कुठंही लबाडी केलेली नाही.

मी नरसी नामदेवची. वडील गवंडी. हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, नांदेडला पदवी, मग काही वर्षं साइटवर उन्हातान्हात काढून पुण्यात क्वांटिटी सर्व्हेइंग आणि कंत्राट व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. आता एका सल्लागार कंपनीत दुसऱ्यांच्या बिलांवर लाल पेन्सिल चालवते. पुण्याला निघाले तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "माप घ्यायला शिकाया आनखी दोन वर्सं कामून लागायलीत, माय? टेप तर मीच शिकवला तुला."

दादांचा प्रश्न रास्त होता. तो आमच्या गावातल्या, हिंगोलीतल्या, एवढंच काय नांदेडच्या कॉलेजातल्या लोकांनाही पडलेला असतो. इंजिनिअरिंगला हा विषय एका सत्राचा. बी. एन. दत्तांचं नाहीतर रंगवालांचं पुस्तक, दोन खोल्यांच्या घराचं अंदाजपत्रक, एखादी सेप्टिक टँक, थोडं मूल्यांकन, झाली परीक्षा. मुलं त्याकडं मार्क देणारा विषय म्हणून बघतात. डिझाइनला मान असतो, मोजमापाला नसतो. आरसीसी डिझाइन शिकवणारे सर वर्गात आले की पोरं सावरून बसायची आणि एस्टिमेटिंगच्या तासाला मागच्या बाकावर डबे उघडायचे.

पदव्युत्तर वर्गात टेपचा विषय पहिल्या काही आठवड्यांत संपतो. आयएस १२०० हे मोजमापाच्या पद्धतीचं भारतीय मानक आहे, त्याचे भाग वाचून घ्यायचे, सराव करायचा. त्यानंतर येतो पैसा, आणि पैशापाठोपाठ भांडण. नकाशा पक्का व्हायच्या आधी इमारतीचा खर्च भागाभागानं कसा बांधायचा, पाया किती खाईल, छत किती खाईल. निविदेतली परिमाणं आणि प्रत्यक्षातली परिमाणं यांत अंतर पडलं तर दर कोणता लागू करायचा. काम लांबलं तर ते कोणामुळं लांबलं हे तारखांवरून कसं सिद्ध करायचं. अंतिम देयक कसं मिटवायचं. १८७२ चा करार कायदा आणि १९९६ चा लवाद कायदा हे दोन्ही इंजिनिअरला पहिल्यांदा नीट भेटतात ते इथं.

करार कायद्याचं कलम ७० शिकवलं त्या दिवशी मला दादा आठवले. त्यांनी एका दुकानाचं बांधकाम अंगावर घेतलं होतं. मालक रोज संध्याकाळी चक्कर मारायचा. मिस्त्री, गच्चीचा कठडा दोन थर वर न्या. मिस्त्री, जिन्याखाली एक मोरी काढा. दादा करत गेले. हिशेबाला बसल्यावर मालक म्हणाला, ठरलं तेवढंच देणार, बाकीचं तुम्ही तुमच्या मनानं केलं. दादा गप्प घरी आले. कलम ७० असं सांगतं, की कोणी फुकट करण्याचा इरादा नसताना दुसऱ्यासाठी एखादं काम कायदेशीररीत्या केलं आणि त्या दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणं लागतं. लेखी करार नसला तरीही. हा कायदा दीडशे वर्षांपासून आहे. तो गवंड्याच्या घरी पोचायला गवंड्याच्या मुलीला लाखांत फी भरून पुण्याला जावं लागलं.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदा नमुन्यात कलम ३८ असतं. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेतल्या आकड्याच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं, तर वरच्या भागाला मूळ दर लागत नाही, वेगळा हिशेब होतो. ऐकायला रूक्ष आहे. पण कुठली बाब मुद्दाम कमी दाखवायची आणि कुठली जास्त, म्हणजे नंतर कामाची रक्कम हवी तशी फुगेल, याचं अख्खं शास्त्र काही हुशार डोक्यांनी या असल्या कलमांभोवती उभं केलंय. त्याला तोड देणारं डोकंही तेवढंच शिकलेलं लागतं.

आता आमच्याकडची गोष्ट. कयाधूच्या काठानं काळी माती चांगली खोल आहे. विहीर खणायला घेतली की आधी ही माती, मग मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, मग मऊ खडक आणि नशीब फुटकं असेल तर कठीण खडक. खोदकामाचा दर थरागणिक बदलतो. मातीचा सगळ्यात कमी, सुरुंग लावून फोडायच्या खडकाचा कितीतरी जास्त. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर खोली म्हणजे २८.२७ घनमीटर. ब्रासमध्ये सांगायचं तर १०. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, रेती-मुरमाच्या व्यवहारात आपल्याकडं अजून हेच माप चालतं. म्हणजे कोणी मुरमाचा एकच मीटर वहीत खडक म्हणून लिहिला, की १० ब्रास खोदकाम खडकाच्या दरानं निघतं. विहिरीला आतून बांधकाम चढलं की पुन्हा बघायला कोण उतरणार? हे उलटंही होतं. खडक लागलेला असतो आणि शेतकऱ्याच्या विहिरीला मुरमाचा दर लावला जातो, कारण मोजणारा साहेब आला त्या दिवशी तळाला पाणी होतं.

या विहिरीचं मोजमाप कुठल्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमात नसतं. मला तिथं दुबईतल्या मनोऱ्याच्या काचेच्या दर्शनी भिंतीचं परिमाण काढायला शिकवलं. फिडिकच्या आंतरराष्ट्रीय करारनमुन्यातली कलमं पाठ करून घेतली. ते सगळं उपयोगी पडतं, आज माझं पोट त्यावरच चालतं. पण आपल्या राज्याची दरसूची, बी-१, मोजमाप पुस्तिका, घरकुलाचे हप्ते, पाणंद रस्ता, जलजीवनची टाकी यांच्याबद्दल वर्गात कधी चर्चा झाल्याचं स्मरत नाही. ते सगळं खात्यात गेल्यावर साहेबांच्या हाताखाली शिकायचं, अशी समजूत. आणि साहेबांच्या हाताखाली माणूस काय काय शिकतो, ते वेगळं लिहायला नको.

हा विषय शिकवणाऱ्या जागाच मुळात थोड्या. पुण्याची निकमार ही बांधकाम उद्योगाच्या पुढाकारानं १९८३ मध्ये सुरू झालेली संस्था, २०२२ पासून विद्यापीठ. तिथं हा विषय पदव्युत्तर पातळीवर स्वतंत्रपणे शिकवला गेला. ब्रिटनच्या आरआयसीएस या संस्थेनं २०१३ मध्ये अ‍ॅमिटी विद्यापीठाबरोबर नोएडात शाखा काढली. सीओईपी, व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थांत बांधकाम व्यवस्थापनाचं एमटेक आहे, त्यात मोजमाप हा एक भाग. बाहेर जायचं तर रेडिंग, सॅल्फर्ड, हेरियट-वॅट अशी ब्रिटनमधली विद्यापीठं एका वर्षाचं एमएससी देतात. आपल्या शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या मात्र जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांपुरत्या असतात, आणि मोजमाप शिकवण्यात नाव असलेलं सॅल्फर्ड त्या क्रमवारीत बसत नाही. क्रमवारी लावणाऱ्यांनी विटा कधी मोजल्या नसाव्यात.

मराठवाड्यातल्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात हा अभ्यासक्रम आणावा असं मी बोलते, तेव्हा लोक विचारतात, नोकऱ्या कुठं आहेत? मुंबईची मेट्रो, आखाती देश, मँचेस्टर, हे उत्तर त्यांना माहीत असतं आणि त्यासाठी नांदेडला वर्ग कशाला काढायचे, असं त्यांचं म्हणणं. माझं उत्तर वेगळं आहे. हे शिकलेल्या माणसाची खरी गरज तालुक्याला आहे. तिथं त्याच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नाही.

ब्रिटनमध्ये या धंद्यातल्या लोकांनी १८६८ साली संस्था काढली (तीच पुढं आरआयसीएस झाली), १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली. त्याआधी तिथं सुतार वेगळा, गवंडी वेगळा, रंगारी वेगळा, आणि काम संपलं की जो तो आपापला मोजणारा घेऊन मालकाच्या दारात उभा. पुढं सगळं काम एकाच ठेकेदारानं एका रकमेत घ्यायची पद्धत आली. प्रत्येक ठेकेदारानं निविदेसाठी वेगळी मापं काढण्यापेक्षा एकानंच ती सगळ्यांसाठी काढावीत, हे सोयीचं ठरलं. त्यातून असा माणूस तयार झाला की जो बांधत नाही, नकाशाही काढत नाही, फक्त मोजतो आणि किंमत सांगतो, आणि त्याचा आकडा दोन्ही बाजू मान्य करतात.

आपल्याकडं इंग्रजांनी सार्वजनिक बांधकाम खातं आणलं, १८५४ मध्ये पुण्यात त्याच खात्यासाठी दुय्यम अधिकारी घडवणारी शाळा काढली, तीच आजची सीओईपी. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, हीही आली. पानांवर क्रमांक छापलेले, खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, सगळी शिस्त आली. एवढं करून मोजणारा वेगळा माणूस काही आला नाही. जो कनिष्ठ अभियंता काम करवून घेतो, तोच ते मोजतो, तोच एमबी लिहितो. उपअभियंता त्यातला काही भाग तपासतो. दोघंही एकाच साहेबाचे. काम वेळेत संपलं नाही तर बोलणी त्यांनाच बसतात, निधी परत गेला तर नोटीस त्यांनाच येते. मार्चच्या अखेरीस त्याच माणसानं थंड डोक्यानं, तटस्थपणे थराची जाडी मोजावी अशी आपली अपेक्षा असते. यातले कितीतरी अभियंते सरळ आहेत, मी त्यांच्यासोबत काम केलंय. त्यांच्या सरळपणावर सगळी व्यवस्था टांगून ठेवणं हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे.

ज्यांच्या नावानं आमचं गाव ओळखलं जातं ते नामदेव महाराज शिंपी घराण्यातले. गज आणि कात्री त्यांच्या पदांतही आलेली आहेत. शिंपी स्वतःच माप घेतो, स्वतःच कापतो, स्वतःच दाम सांगतो आणि कोणाची तक्रार नसते, कारण सदरा अंगात घालून बघता येतो. रस्ता अंगात घालून बघता येत नाही. एक किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद गावरस्त्यावर खडीचा थर ७५ मिलिमीटरऐवजी ६० चा पडला, तर दबलेली खडी ५६.२५ घनमीटर कमी जाते. म्हणजे जवळजवळ २० ब्रास. हायवाच्या चार-पाच खेपा. वर डांबर पडलं की दीड सेंटीमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही. तो दिसतो दुसऱ्या पावसाळ्यात, तेव्हा आपण पावसाला शिव्या देतो.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना मोजमाप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या खोदाईला जायची. मजुरी हजेरीवर नसे, खोदलेल्या मातीवर असे. खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब न खोदता ठेवत, त्याच्या उंचीवरून खोली मोजत. आजी सांगायची, टोळीतल्या बाया तो खांब लेकरासारखा जपायच्या, कारण कोणाची बैलगाडी धडकून तो ढासळला तर आठवड्याच्या घामाचा पुरावा गेला. मोजणारा शनिवारी आला तर ठीक, सोमवारी आला तर मधल्या दिवसांत पोटाला काय? पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि मजुरी मोजमापावर हे सूत्र त्यात पक्कं झालं. महाराष्ट्रातल्या लाखो निरक्षर बायांनी घनफळाचा हिशेब असा पोटावर शिकलाय. या अनुभवावर एखाद्या विद्यापीठानं संशोधन करावं, नुसतं ऐकून घेतलं तरी चालेल. पदव्युत्तर प्रबंधाला याहून चांगला विषय मला सुचत नाही. आम्ही प्रबंध लिहितो ते मॉलच्या खर्चवाढीवर.

मग काय करावं? माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक तालुक्यात एक स्वतंत्र मोजमाप अधिकारी असावा. त्यानं ना काम मंजूर करायचं, ना करवून घ्यायचं. पंचायत समिती असो, बांधकाम उपविभाग असो की नगरपालिका, ठरावीक रकमेवरच्या कामाचं प्रत्येक देयक निघण्याआधी, आणि विशेषतः झाकली जाणारी बाब झाकण्याआधी, त्यानं मोजायचं. पायाचा खड्डा काँक्रीट ओतण्याआधी, सळई ओतकामाआधी, खडीचा थर डांबराआधी. त्याची नेमणूक बांधकामाच्या साखळीत नको. वित्त विभागाखाली स्थानिक निधी लेखापरीक्षेचं संचालनालय आहे, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींचे हिशेब तेच तपासतं. तिथं त्याला बसवा. आज लेखापरीक्षकाला पावती दिसते, खड्डा दिसत नाही. खड्डा बघणारा माणूस त्याच्या शेजारच्या टेबलावर हवा.

यावर जे आक्षेप येतात त्यांतला एक मला खोडता येत नाही, म्हणून तोच आधी सांगते. एक सही वाढली की एक वाटेकरी वाढेल. बिल निघेपर्यंत कोणत्या टेबलावर किती टक्के ठेवावे लागतात, याचे दर आमच्याकडं टपरीवरचं पोरगंसुद्धा सांगेल. नवा अधिकारी या गणितात बसणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. फक्त एवढं करता येईल, की त्याचं मोजमाप देयक निघण्याच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे, मराठीत, लांबी-रुंदी-जाडीसह. दोन वाटेकऱ्यांना गप्प बसवणं सोपं असतं, पण अख्ख्या पारावरच्या लोकांना गप्प बसवायला ठेकेदाराचा सगळा नफा जाईल. हे जमणार नाही असं नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या माहिती फलकांवर थरांची जाडी आणि साहित्याची परिमाणं स्थानिक भाषेत लिहायची तरतूद आधीपासून आहे. इतर कामांच्या फलकांवर आपण काय लिहितो? योजनेचं नाव, रक्कम, आमदार-खासदारांची नावं आणि 'यांच्या प्रयत्नातून'. प्रयत्न किती घनमीटर झाले ते कुठंच नसतं.

दुसरा आक्षेप पुण्यातल्या माझ्याच सहकाऱ्यांचा: आता संगणकातल्या त्रिमितीय मॉडेलमधून सगळी परिमाणं आपोआप निघतात, पुढच्या काही वर्षांत हा धंदाच उरणार नाही. नकाशावरून परिमाणं काढण्याचं काम यंत्राकडं जाणार, गेलंच आहे, आणि बरं झालं. चार कोपरे दोनदा मोजण्याची भानगड तरी मिटली. पण मॉडेलमध्ये जे काढलंय तेच मॉडेल मोजतं. वाळूच्या ढिगात किती ओल आहे हे त्याला ठाऊक नसतं. ओलसर वाळू फुगते, चार-पाच टक्के ओलीला तिचं घनफळ पाव हिश्शानं जास्त भरू शकतं. म्हणजे चार ब्रास कोरड्या वाळूचे पाच ब्रास होतात आणि पैसे पाचाचे जातात. विहिरीच्या तळाशी मुरूम की खडक हेही मॉडेलला कळत नाही, त्यासाठी कोणालातरी शिडीवरून उतरावं लागतं.

तिसरा आक्षेप, त्रयस्थ तपासणी आहेच की. आहे. शासकीय अभियांत्रिकी कॉलेजांकडून ती होते. पण ते लोक काम झाल्यावर येतात, काँक्रीटची ताकद बघतात, अहवाल देतात. पायात किती गेलं ते त्यांनाही वहीवरूनच मानावं लागतं.

आता या खुर्च्यांवर बसायला माणसं कुठून आणायची? इथं पदव्युत्तर शिक्षणाचा मुद्दा येतो. नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चं, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी त्याहून जुनं. यांतल्या एकानं नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढावा. पहिल्या वर्षी आयएस १२००, राज्य दरसूची, एमबी, बी-१ आणि बी-२ निविदा नमुने, करार कायदा, मराठीत अहवाल लिहिणं; दुसऱ्या वर्षी खर्चनियोजन, दावे, लवाद, आणि एक खरं सार्वजनिक काम पहिल्या फावड्यापासून शेवटच्या देयकापर्यंत मोजणं. शिकवायला निवृत्त उपअभियंते आणि निवृत्त ठेकेदार दोघंही बोलवा. ठेकेदार मंडळी तर हा विषय प्राध्यापकांपेक्षा जास्त रंगवून शिकवतील, याची मला खात्री आहे. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून सरकार आमच्या पोरांना सोडतीत छोटी कामं देतं, म्हणजे त्यांना ठेकेदार व्हायला सांगतं. भांडवल नसलेला पोरगा ते काम दुसऱ्याला विकतो आणि टक्केवारीवर समाधान मानतो. त्याला ठेका देण्याऐवजी मोजायचं काम द्या. त्यासाठी भांडवल लागत नाही, शिक्षण लागतं.

आणि कामं काही लहान नाहीत. औंढा नागनाथजवळ लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आतमध्ये निर्वात नळी, प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान हालचाल टिपायची. त्या बांधकामात एक मिलिमीटर म्हणजे काय असतं, याचा विचार करून मला झोप येत नाही, आनंदानंच. हे मोजायला माणसं पुण्या-दिल्लीहून येतील आणि आमची पोरं टिप्परवर ड्रायव्हर असतील, असं होऊ नये. ड्रायव्हर होण्यात कमीपणा नाही. पण जिल्ह्यात एवढं काम उभं राहत असताना त्याच्या वहीवर एकही हात जिल्ह्यातला नसावा, हे पटत नाही.

ज्या मुलामुलींना स्वतः हा विषय घ्यायचाय त्यांना एवढंच सांगेन, की पदवी झाल्या झाल्या लगेच प्रवेश घेऊ नका. माझ्या वर्गात थेट आलेली मुलं हुशार होती, पण कलमं त्यांना कविता वाटायची. रनिंग बिल तीन महिने अडकलंय, मजुरांचा मुकादम दारात बसलाय आणि साहेब म्हणताहेत उद्या या, हे एकदा अंगावर घेतलं की करारातलं प्रत्येक कलम जिवंत होतं. दोन-तीन वर्षं साइट करा, एमबी लिहा, मग शिका. परदेशी जायचं असेल तर जरूर जा. पण कर्ज काढताना तिथला कामाचा व्हिसा आणि इथली जमीन यांचा हिशेब घरच्यांसमोर मांडून जा. अंदाजपत्रक करणाऱ्याच्या घरचं अंदाजपत्रक चुकलेलं मी पाहिलंय.

आणि अभ्यासक्रम निघेपर्यंत, खुर्ची तयार होईपर्यंत, गावानं थांबायचं कारण नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकारात कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की नागरिकाला कामाची पाहणी करता येते, नोंदींच्या प्रमाणित प्रती घेता येतात आणि साहित्याचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन रुपये. गावात झालेल्या कोणत्याही रस्त्याच्या, सभागृहाच्या, टाकीच्या एमबीची प्रत मागा. ती मिळाल्यावर बहुतेकांची अडचण पुढंच सुरू होते: ती वाचायची कशी? रकाने इंग्रजीत, आकडे दशांशात, अक्षर डॉक्टरचं. आषाढी उरकून वारकरी परतवारीच्या एकादशीला नरसीला येतात, तेव्हा मी दरवर्षी गावी असते, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेलाही येण्याचा प्रयत्न असतो. प्रत घेऊन या. टेप दादांकडं आहे, आणि आकडा जुळत नसेल तर रस्त्यावर जाऊन खड्डा घेऊ, ग्रामपंचायतीला आधी लेखी कळवून.